सात नंबरच्या ड्रमात पाणी मुरतंय

रिफायनरीच्या प्रयोगशाळेत ज्यांना सगळे पुन्हामोजे म्हणत, त्यांचं ते आडनाव नव्हतं. एकोणतीस वर्षं हा गृहस्थ समोरच्याला एकच वाक्य ऐकवत आला होता, "पुन्हा मोजा." ऐकून ऐकून लोकांनी त्याचं आडनाव करून टाकलं. एका नव्या कारकुनाने तर रजेच्या यादीत सरळ 'श्री. पुन्हामोजे, तीन दिवस' असं टाइप केलं आणि त्यावर साहेबांची सहीसुद्धा झाली. पुन्हामोजेंना त्याचा राग आला नाही. तीन दिवस बरोबर धरलेत ना, एवढंच त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून पाहिलं.

घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचं, जिना उतरायचा, पुन्हा वर यायचं आणि चौथ्यांदा ओढायचं, असा माणूस. डॉक्टरने रक्तदाब ठीक आहे म्हटलं की हे विचारणार, "तुमचं हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" कुणी कारण नसताना गोड बोललं की कपाळाला आठी, आणि तोंडी ठरलेलं वाक्य, "कुठंतरी पाणी मुरतंय." शेजारी हसून बोलला, पाणी मुरतंय. बस वेळेवर आली, तरी पाणी मुरतंय. त्यांची बायको म्हणायची, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे घर एव्हाना ओलीनं पडायला हवं होतं."

प्रयोगशाळेत मात्र हाच दोष गुण ठरला होता. तेलाच्या नमुन्यात दुसऱ्याला जे दिसत नसे ते यांना दिसे, आणि दोनदा तरी त्यांच्या हटवादीपणामुळे खराब माल टाकीत पडायचा वाचला होता. लोक पाठीमागे हसत, पण कागदावर त्यांचा आकडा आला की ती काळ्या दगडावरची रेघ. त्या आकड्याला आव्हान द्यायची पद्धतच तिथे उरली नव्हती. माणसाला बिघडवायला एवढं पुरतं.

त्या वर्षी डिझेलच्या युनिटसाठी नवा उत्प्रेरक आला. चाळीस ड्रम, प्रत्येकात शंभर किलो. दिसायला अगदीच सामान्य, पेन्सिलीतल्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तसे फिकट राखाडी दाणे. पण हा झिओलाइट. त्याच्या दाण्यादाण्यात डोळ्यांना कधीच न दिसणारी भोकं असतात, इतकी बारीक, की तेलातले सडपातळ सरळ रेणू तेवढे आत शिरतात आणि आडदांड ते बाहेर राहतात. आत, भोकांच्या भिंतींना, प्लॅटिनमचे कण चिकटवलेले असतात. सरळ रेणू त्यांच्यापाशी पोचला की त्याची मोडतोड होऊन त्याला फांद्या फुटतात, आणि मग ते डिझेल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. प्लॅटिनम किती, तर शंभर किलोच्या ड्रमात जेमतेम तीनशे ग्रॅम. पण धातू सोन्याच्या तोलामोलाचा, म्हणून ड्रमांना वेगळी कुलूपबंद खोली आणि खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडे.

हा स्टोअरकीपर पुन्हामोजेंचा साडू होता. दोन बहिणींपैकी थोरली यांच्या घरी, धाकटी त्याच्या. साडू हसतमुख, बोलघेवडा, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणारा. बावीस वर्षांत त्याच्या स्टोअरमधला एक खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता. दुसऱ्या कुणी याचं कौतुक केलं असतं. पुन्हामोजे म्हणत, "एकही खिळा नाही? इतकं कुणाचं चोख असतं का?"

ड्रम आले त्या दिवशी पुन्हामोजेंनी प्रत्येकातून नमुना घेतला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. झिओलाइट हा पदार्थ पाण्याचा अधाशी. उघडा राहिला की हवेतला ओलावा त्या भोकांत ओढून घेतो आणि दिसायला मात्र कोरडा ठणठणीत राहतो. तेव्हा नमुना आधी भट्टीत तापवायचा, किती ओलावा निघाला ते पाहायचं आणि मग प्लॅटिनमचा हिशोब कोरड्या वजनावर करायचा. हे नव्या माणसांना शिकवत कोण, तर पुन्हामोजेच. त्यांनी पहिल्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे केलं. ओलावा निघाला शंभरात दोन, प्लॅटिनम बरोबर तीनशे ग्रॅम. रजिस्टरमध्ये त्यांनी लिहून ठेवलं, 'ड्रम बंद, ओलावा दोन टक्के धरावा.' म्हणजे पुढे पुन्हा नमुना घ्यायची वेळ आलीच तर भट्टीचा अर्धा दिवस वाचेल. ड्रम बंदच राहणार असेल तर त्यात चूक काही नव्हती.

मग रिॲक्टरची दुरुस्ती लांबली आणि ड्रम खोलीत पडून राहिले. सात नंबरच्या ड्रमाचं झाकण येतानाच थोडं चेपलं होतं. पुन्हामोजेंना ते झाकण झोपू देईना. आठवड्याने ते स्टोअरमध्ये गेले, झाकण उघडवलं, आतल्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली, वरून मूठभर दाणे घेतले, नमुना आम्लात विरघळवून यंत्राला पाजला. दोनशे पंचाण्णव.

"पुन्हा मोजा," ते स्वतःलाच म्हणाले. पुन्हा दोनशे पंचाण्णव.

त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनशे नव्वद. नंतर दोनशे चौऱ्याऐंशी. पुन्हामोजे रात्री जेवताना ताटाकडे बघत बसू लागले. शंभर किलोच्या ड्रमातून दर आठवड्याला पाच-सहा ग्रॅम प्लॅटिनम जात होतं. त्याच खोलीत तशाच दाण्यांची पोतीही होती, पण त्यांत धातू नव्हता. रिॲक्टरमध्ये सगळ्यात वरच्या थरात ते बिनधातूचे दाणे टाकायचे असतात. दिसायला दोन्ही सारखेच. मूठभर इकडचे काढायचे आणि मूठभर तिकडचे टाकायचे, कोण बघतंय. आणि किल्ली एकाच माणसाकडे.

आता जिकडे पाहावं तिकडे पुरावाच दिसू लागला. तिसऱ्या आठवड्यात पिशवीला दुहेरी गाठ होती. पुन्हामोजे नेहमी एकेरी मारत. चौथ्या खेपेला ड्रम कोपऱ्यात सरकवलेला आणि झाकणावर वजनदार पेटी ठेवलेली.

"हा इथं कुणी आणला?" त्यांनी विचारलं.

"मीच," साडू म्हणाला. "झाकण नीट बसत नाही ना, म्हणून वर वजन ठेवलं. दादा, तुम्ही सारखं उघडू नका हो. हवा लागते मालाला."

दुसऱ्या कुठल्याही रसायनवाल्याच्या डोक्यात इथे घंटा वाजली असती. पुन्हामोजेंच्याही वाजली, पण भलतीच. हा उघडू नका का म्हणतो? ज्याच्या मनात काही नाही तो कशाला अडवेल? त्यांनी ठरवलं, आता आठवड्यातून दोनदा उघडायचा.

नियमाप्रमाणे नमुना लांब दांडीने ड्रमाच्या तळापासून घ्यायचा असतो. दांडी साडूच्या कपाटात होती. ती मागितली तर याला सुगावा लागेल, म्हणून पुन्हामोजे वरवरचेच दाणे घेत राहिले. एकदा साडू जेवायला गेला असताना त्यांनी ड्रम काट्यावर चढवला. वजन कमी भरेल अशी त्यांची अपेक्षा होती, तर उलट चारशे ग्रॅम जास्त. एखादा शहाणा तिथेच थबकला असता, की चोरीच्या मालाचं वजन वाढतं कसं. पुन्हामोजेंनी वहीत लिहिलं, 'घाईत काढल्यापेक्षा जास्त टाकलं.' संशयाने पछाडलेल्या माणसाला विरुद्ध पुरावा असा नसतोच.

त्याच सुमारास धाकटी आणि साडू त्यांच्याकडे जेवायला आले. धाकटीच्या कानांत नवी कर्णफुलं होती, पांढरी, चकचकीत. पुन्हामोजेंचा घास हातातच राहिला.

"बघू जरा," ते म्हणाले.

धाकटीने कौतुकाने एक काढून दिलं. यांनी ते तळहातावर वरखाली करून पाहिलं, नखाने खरवडलं, दिव्याखाली धरलं. "कुठनं घेतलंत?"

"हे घेऊन आले. साधंच आहे, स्टीलचं," धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला. मेहुण्यांच्या तोंडाकडे, मग नवऱ्याच्या तोंडाकडे तिने पाहिलं. थोरलीने स्वयंपाकघरात नवऱ्याला कोपऱ्यात गाठून विचारलं, "काय चाललंय तुमचं?" पुन्हामोजे म्हणाले, "काही नाही. पाणी मुरतंय कुठंतरी."

दोनशे अठ्ठ्याहत्तर आल्यावर त्यांनी अहवाल लिहिला. नात्याचं माणूस म्हणून साडूचं नाव लिहिताना पेन दोनदा थांबलं हे खरं, पण त्या थांबण्याचाही त्यांना आतून थोडा अभिमान वाटला. आपला-परका न बघणारा माणूस, असं ते स्वतःला म्हणाले. मला विचाराल तर त्या अभिमानाचाच राग येतो.

मॅनेजरने तिघांची बैठक घेतली, तो स्वतः, सुरक्षा अधिकारी आणि पुन्हामोजे. साडूला बोलावलं. त्याने अहवाल वाचला, दोनदा वाचला, आणि रोजचं हसू तोंडावरून पार गेलं.

"मी घेतलं नाही, साहेब," तो म्हणाला. मग पुन्हामोजेंकडे वळून म्हणाला, "दादा, पुन्हा मोजा."

सुरक्षा अधिकाऱ्याला हसू आवरेना. पुन्हामोजे मान खाली न घालता म्हणाले, "पाच वेळा मोजलंय."

मॅनेजर भला माणूस होता. त्याने सात नंबरच्या ड्रमातला नमुना, पुन्हामोजेंनीच काढून दिलेला, सील करून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथूनही हाच आकडा आला तर प्रकरण पोलिसांकडे आणि नोकरी गेली, असं त्याने साडूला स्पष्ट सांगितलं. तोवर किल्ल्या काढून घेतल्या. बावीस वर्षं कमरेला असलेला जुडगा साडूने टेबलावर ठेवला आणि तो फाटकाजवळच्या खोलीत रिकाम्या टेबलाशी बसू लागला. हमाल, ड्रायव्हर, फिटर, ज्यांची तो रोज विचारपूस करायचा, ते आता घाईत असल्यासारखे समोरून निघून जात.

पाच आठवडे गेले. थोरली आणि धाकटीचं फोनवरचं बोलणं तब्येतीपुरतं उरलं, मग तेही थांबलं. घरी पुन्हामोजेंच्या पुढ्यात चहा येई, पण कप खाली ठेवल्याचा आवाज जरा मोठा येई.

बाहेरचा अहवाल आला तेव्हा मॅनेजर दौऱ्यावर होता, म्हणून पाकीट प्रयोगशाळेत आलं. पुन्हामोजेंनी ते फोडलं. दोनच ओळी होत्या. 'ओलावा नऊ टक्के. कोरड्या वजनावर प्लॅटिनम, शंभर किलोस तीनशे ग्रॅम.'

पहिला विचार काय आला असेल? हे लोकही सामील आहेत. पुन्हामोजेंनी पाकिटाचं सील उजेडात धरून पाहिलं, पत्त्यातली अक्षरं पाहिली, सही पाहिली. मग त्यांची नजर परत त्या नऊवर गेली आणि तिथून हलेना.

त्यांनी कपाटातून आपले पाचही जुने नमुने काढले. प्रत्येकाच्या बाटलीचं बूच त्यांनी त्या-त्या दिवशी मेण लावून पक्कं केलं होतं, त्यामुळे जो ओलावा होता तो आत तसाच होता. प्रत्येकातले थोडे दाणे वजन करून मुशीत घातले, भट्टी साडेपाचशे अंशांवर नेली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. मदतनीस म्हणाला, मी बघतो, तुम्ही जेवून या. ते उठले नाहीत. मुशी बाहेर काढून बंद काचपात्रात निववल्या आणि एकेक तोलली. पहिल्या आठवड्याचा ओलावा साडेतीन. दुसऱ्याचा पाच. मग सात, आठ, नऊ. हिशोब नव्याने मांडला. तीनशे. तीनशे. तीनशे. तीनशे. पाचव्यांदाही तीनशे.

एक कणही कुणी घेतला नव्हता. झाकण उघडायचे पुन्हामोजे, पिशवी सोडायचे पुन्हामोजे, आणि तेवढ्या वेळात वरचे दाणे हवेतलं पाणी पिऊन घ्यायचे. पाण्याने वजन वाढायचं आणि त्या वाढीव वजनात प्लॅटिनम कमी दिसायचं. कमी दिसलं की हे पुन्हा उघडायला हजर. दुहेरी गाठ आणि झाकणावरची पेटी हे सगळं साडूने हवा लागू नये म्हणून केलं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय असं आयुष्यभर म्हणणाऱ्या माणसाच्या नाकासमोर ते खरोखरच मुरत होतं, आणि ते मुरवत होता तो स्वतः.

अहवाल अजून कुणी पाहिलेला नव्हता. 'पद्धतीतील फरकामुळे तफावत' असं एक गुळगुळीत वाक्य लिहिलं असतं तर साडू सुटला असता आणि पुन्हामोजेंचा आकडाही शाबूत राहिला असता. ते वाक्य त्यांच्या डोक्यात आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एक कागद त्यांनी तसा लिहिलाही. मग फाडला.

मॅनेजर परतला त्या सकाळी त्यांनी उभ्यानेच सांगितलं. "चोरी झालेली नाही. मी ओलावा पुन्हा काढला नाही. पहिल्या दिवसाचाच धरत राहिलो. ड्रम मीच उघडत होतो. त्यांनी उघडू नका म्हणून सांगितलं होतं, तेही मी अहवालात लिहिलं नाही."

मॅनेजरने बाहेरचा अहवाल ओढून घेऊन वाचला. "तुम्ही?" एवढंच तो म्हणाला.

दुपारपर्यंत जुडगा साडूच्या कमरेला परत गेला. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, तसं पत्र दिलं, फिटर लोकांनी पाठ थोपटली. पुन्हामोजेंना पुढच्या महिन्यापासून नमुन्यांच्या बाटल्या धुण्याच्या विभागावर देखरेखीला टाकलं. त्यांनी तक्रार केली नाही.

संध्याकाळी ते थोरलीला घेऊन साडूच्या घरी गेले. दार धाकटीने उघडलं. साडू अजून आला नव्हता. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि थोरली तिच्या शेजारी. पुन्हामोजेंनी घसा साफ केला.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "त्यांनी काही घेतलं नव्हतं."

"कळलं," धाकटी म्हणाली. "दुपारीच फोन आला होता त्यांचा."

तेवढ्यात साडू आला. या दोघांना पाहून दारातच थांबला, मग नेहमीसारखा हसला. "बसा, बसा दादा. केव्हा आलात?" पुन्हामोजे उठून उभे राहिले. काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं, पण जे तोंडातून बाहेर पडलं ते तुटक तुटकच. साडूने त्यांचा हात धरला. "जाऊ द्या. माणूस आहे, चुकतं. माझ्या मनात काही नाही."

ते खरंच असावं. त्याच्या आवाजात कडवटपणा शोधायचा पुन्हामोजेंनी प्रयत्न केला. सापडला नाही.

बोलता बोलता साडू जेवणाच्या टेबलापाशी गेला आणि त्याने खिसे रिकामे करायला सुरुवात केली. रुमाल काढला. बसचं तिकीट. पेन. डब्याचा चमचा. मग दोन्ही खिशांची अस्तरं ओढून बाहेर काढली आणि झटकली. सगळं ओळीने मांडून झाल्यावर तो धाकटीकडे तोंड करून क्षणभर उभा राहिला.

"आता नको ना," धाकटी हळू म्हणाली. तिने मान फिरवली होती.

साडूने टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या लोंबणाऱ्या अस्तरांकडे. "अरे हो," तो म्हणाला, आणि पाहुण्यांना ओशाळं वाटू नये म्हणून हसला. "सवय लागली, दादा. किल्ल्या गेल्या त्या आठवड्यात हिनं एकदा विचारलं होतं, खरंच तुम्ही नाही ना हो घेतलं. त्यानंतर मी आल्यावर आधी हेच करायचो. ती नको म्हणायची. पण बघायची."

साडूने अस्तरं आत ढकलली. धाकटी उठली, टेबलावरच्या वस्तू एकेक करून त्याच्या हातात देऊ लागली, आणि त्या घेताना तिच्याकडे न पाहण्याची काळजी तो घेत होता, हे पुन्हामोजेंना दिसलं.